झेरॉक्सच्या दुकानात व्हॉट्सअॅपवर आधार पाठवताय? आधी हे वाचा

प्रिंट काढायची म्हटलं की दुकानदार काउंटरवर चिकटवलेला नंबर दाखवतो, "ह्यावर पाठवा", आणि आपण आधार, पॅन, पासबुक सगळं पाठवून मोकळे. बरेच जण म्हणतात डिसअपिअरिंग मेसेज (ठरलेल्या वेळाने मेसेज पुसून टाकणारी सेटिंग) ऑन आहे, जाईल आपोआप. जातं, पण फक्त चॅटमधून.

ऑन करणं सोपंय, चॅट उघडा, वरच्या नंबरवर टॅप करा, डिसअपिअरिंग मेसेजेसमध्ये 24 तास निवडा (2020 ला हे आलं तेव्हा फक्त 7 दिवस होते). फाइल पाठवायच्या आधी करा हां, आधीच गेलेल्या मेसेजला टायमर लागत नाही.

आता मुख्य गोष्ट. दुकानदार कॉम्प्युटरवर व्हॉट्सअॅप वेब लावून बसलेला असतो, त्याने प्रिंटसाठी फाइल डाउनलोड केली की ती डाउनलोड्स फोल्डरमध्ये उतरते आणि तिथे ना टायमर पोचतो ना डिलीट फॉर एव्हरीवन, महिनोन् महिने पडून राहू शकते. दुकानदाराच्या मनात काही वाईट असतं असं नाही, गर्दीत त्याला पुसत बसायला वेळ नसतो. म्हणून प्रिंट हातात आली की तिथेच थांबून सांगा, "दादा, डाउनलोड्समधून शिफ्ट दाबून डिलीट करा ना", कारण नुसतं डिलीट केलं तर रिसायकल बिनमध्ये जाऊन बसते. लाजायचं काय त्यात, आपलंच कार्ड आहे!

व्ह्यू वन्स (एकदा बघितला की निघून जाणारा फोटो) इथे कामाचं नाही, पीडीएफला चालत नाही आणि फोटो सेव्हच होत नाही म्हटल्यावर प्रिंट कुठून काढणार.

त्यापेक्षा माय आधारच्या साइटवरून ई-आधार (आधारची पीडीएफ) घ्या, रजिस्टर मोबाईलवर ओटीपी येतो, आणि जिथे पूर्ण नंबर लागत नाही (लॉजवर खोली घेताना वगैरे) तिथे मास्क्ड घ्या, त्यात शेवटचे 4 आकडेच दिसतात. पीडीएफला पासवर्ड असतो, नावाची पहिली 4 अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मसाल, तो चॅटमध्ये टाइप करू नका, दुकानात स्वतः कीबोर्डवर मारा. म्हणजे चुकून फाइल राहिलीच तरी कुलूपबंद राहते.

आणि घरी आल्यावर चॅट बघा, समोरच्याने मेसेज कीप केला (म्हणजे टायमर संपला तरी चॅटमध्ये राहील असा ठेवला) असेल तर पाठवणारे म्हणून तुम्हाला तो अनकीप करता येतो.