वायफाय स्पीकर घेताय? आधी तानपुरा लावून बघा

मी गाणं शिकवते, त्यामुळे गाणाऱ्या बाईला स्पीकरमधलंही कळत असणार असा विद्यार्थ्यांच्या आईबाबांचा पक्का समज आहे. ‘ताई, वायफायवाला स्पीकर घ्यायचाय, कुठला घेऊ?’ असा फोन आला की माझा उलट प्रश्न ठरलेला: तुमच्याकडे गाणी येतात कुठून? स्पॉटिफायवरून, यूट्यूब म्युझिकवरून, अ‍ॅपल म्युझिकवरून, की आजोबांच्या कॅसेटी उतरवून ठेवलेल्या हार्ड डिस्कवरून? याचं उत्तर मिळालं की दुकानातले निम्मे स्पीकर आपोआप गळतात.

ब्लूटूथ आणि वायफाय यांतला फरक आधी समजून घ्या. ब्लूटूथमध्ये गाणं फोनमधून स्पीकरकडे जातं, तेही दाबून, लहान करून. सीडीवरचं संगीत सेकंदाला 1,411 किलोबिट एवढं असतं. ब्लूटूथच्या एलडॅक या उत्तम प्रकारातही ते जास्तीत जास्त 990 वर येतं, आणि साध्या एसबीसीत त्याहून कितीतरी कमी. वायफायवर एवढी काटकसर करावी लागत नाही. शिवाय फोन आला की ब्लूटूथवरचं गाणं अडतं, आणि फोनवाला माणूस भाजी आणायला खाली उतरला की गाणंही त्याच्याबरोबर जातं. गूगल कास्ट किंवा स्पॉटिफाय कनेक्ट या वायफायवरच्या सोयींमध्ये फोन फक्त हुकूम सोडतो, गाणं स्पीकर स्वतःच इंटरनेटवरून ओढून घेतो. आयफोनवरून एअरप्ले, म्हणजे अ‍ॅपलची तशीच सोय, वापरली तर मात्र गाणं फोनमधूनच जातं, म्हणजे फोन घरात हवा.

आता कोणाला काय चालतं ते बघा. अ‍ॅपलचे होमपॉड आणि होमपॉड मिनी हे स्पीकर सुरू करायलाच आयफोन किंवा आयपॅड लागतो. त्यांवर ब्लूटूथने गाणी लावता येत नाहीत आणि ऑक्सची, म्हणजे फोन थेट स्पीकरला लावायची वायरही जोडता येत नाही. घरात एकाकडे आयफोन आणि बाकी सगळ्यांकडे अँड्रॉइड असेल, तर तो स्पीकर त्या एकाचाच होऊन बसतो. गूगलचा नेस्ट ऑडिओ कास्ट आणि ब्लूटूथ घेतो, एअरप्ले नाही. अ‍ॅमेझॉनच्या एकोला स्पॉटिफाय कनेक्ट चालतं, पण कास्टही नाही आणि एअरप्लेही नाही. सोनोसचा 2023 सालचा एरा 100 एअरप्ले, स्पॉटिफाय कनेक्ट आणि ब्लूटूथ हे तिन्ही घेतो, कास्ट मात्र घेत नाही. कॅसेटीवाल्या घरांना मी डेनॉन होम 150 किंवा ब्लूसाउंड बघायला सांगते. डेनॉनला मागे यूएसबीची जागा आहे, पेन ड्राइव्ह लावला की झालं. ब्लूसाउंड घरच्या नेटवर्कवरच्या डिस्कमधल्या फाइली थेट वाचतो, अगदी सीडीहून बारीक, 24 बिट, 192 किलोहर्ट्झपर्यंतच्याही. हे दोन्ही महाग, पण आजोबांचं रेकॉर्डिंग काही कुठल्या अ‍ॅपवर मिळणार नाही.

एवढं जुळलं की मग ऐकायला बसा. दुकानात लावतात ती दणदणीत गाणी ऐकू नका, त्यावर सगळेच स्पीकर छान वाजतात. मी आधी नुसता तानपुरा लावते, पुरुषी काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराचा. त्यातला षड्ज, म्हणजे सा, साधारण 139 हर्ट्झचा आणि खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सा, त्याच्या निम्म्यावर, म्हणजे 69 च्या आसपास. छोट्या स्पीकरला 69 हर्ट्झ नीट झेपत नाही. खर्ज गायब होत नाही, कारण वरच्या स्वरांवरून आपला कान तो मनातल्या मनात भरून काढतो. पण तारेचं वजन जातं. जवारी, म्हणजे तारेतून उठणारी ती झिणझिणती गुंज, ऐका. ती रुंद, सतत पसरत जाणारी हवी. ती खरखरायला लागली किंवा मधेच श्वास घेतल्यासारखी वरखाली झाली, तर तो स्पीकर ख्यालाच्या घरात नको.

मग तबला. डग्ग्यावर मनगट घासून काढलेली मींड, म्हणजे सुराची घसरण, लावा. चांगल्या स्पीकरवर ‘घे’ खालून वर चढताना स्पष्ट कळतो. वाईटावर प्रत्येक ‘घे’ एकाच सुरात धप्प वाजतो. हलक्या स्पीकरमध्ये हा दोष सर्रास असतो आणि गिऱ्हाईक त्यालाच ‘बेस भारी आहे’ म्हणतं! शेवटी भजनातले टाळ. ते किणकिणले पाहिजेत, तेलात पापड टाकल्यासारखे चरचरता कामा नयेत.

दोन स्पीकर शेजारी ठेवून ऐकताना आवाजाची पातळी सारखी करा, नाहीतर तुलनेला काही अर्थ नाही. जो जरा मोठ्याने वाजतो तोच कानाला बरा वाटतो, आणि विक्रेत्यांना हे पक्कं ठाऊक असतं. फोनवर डेसिबल मोजणारं एखादं फुकट अ‍ॅप घ्या, फोन आपण बसतो तिथे ठेवा, आणि दोन्ही स्पीकरवर एकच तुकडा लावून आकडे एका डेसिबलच्या आत आणा. नंतर तेच सगळं हळू आवाजात आणि पुन्हा मोठ्या आवाजात ऐका. लहान स्मार्ट स्पीकर आवाज वाढवला की स्वतःला जपायला खालचे स्वर आपणहून कमी करतात. सकाळी सातला गोड वाटलेला स्पीकर गणपतीच्या आरतीला पोकळ वाटतो तो त्यामुळे.

जागेनेही फार फरक पडतो. कोपऱ्यात ठेवलात तर डग्गा फुगतो. काचेच्या शोकेसमध्ये ठेवलात तर शोकेसच वाजायला लागतं. भिंतीपासून वीतभर पुढे, कानाच्या उंचीला, एवढं पुरे. दोन घेऊन स्टिरिओ जोडी करायची असेल तर दोन्ही एकाच मॉडेलचे घ्या. होमपॉड आणि होमपॉड मिनी यांची जोडी जमत नाही. माझ्या मते एका मोठ्या स्पीकरपेक्षा दोन मध्यम बरे, कारण तबला एका बाजूला आणि पेटी दुसऱ्या बाजूला बसली की गायकाला मधे जागा मिळते.

रियाजासाठी विचारणाऱ्यांना वेगळं सांगावं लागतं. तानपुऱ्याचं अ‍ॅप वायफाय स्पीकरवर मस्त चालतं. तबल्याच्या अ‍ॅपवर मात्र ठेका लावला की बोल क्षणभर उशिरा उमटतात, लय बदलली तर तीही उशिरा कळते. हे यंत्र आधी थोडं संगीत साठवतं आणि मग वाजवतं, त्याला इलाज नाही. रियाजाला ऑक्सची वायरच बरी, म्हणून ती जोडायची सोय आहे का ते घेतानाच बघा. एरा 100 ला त्यासाठी वेगळा अडॅप्टर विकत घ्यावा लागतो.

हा स्पीकर म्हणजे निम्मा संगणक, त्यामुळे कंपनीच्या मर्जीवरही तो चालतो. मे 2024 मध्ये सोनोसने नवं अ‍ॅप आणलं आणि त्यात अलार्म, स्लीप टायमर अशा जुन्या सोयीच नव्हत्या. लोक एवढे भडकले की पुढच्या जानेवारीत कंपनीचे प्रमुख पॅट्रिक स्पेन्स यांना पद सोडावं लागलं. जुन्या स्पीकरला जोडायचं गूगलचं क्रोमकास्ट ऑडिओ हे यंत्र बनायचं बंद झालं 2019 मध्ये, तरी कित्येक घरांत ते सुखाने चालू होतं. मार्च 2025 मध्ये एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली आणि ते काही दिवस मुकं झालं. म्हणून घरात जुना, दमदार अ‍ॅम्प्लिफायर आणि लाकडी स्पीकर असतील तर ते भंगारात देऊ नका. त्यांना विम प्रो सारखी छोटी डबी जोडली की तेच वायफायवाले होतात, आणि उद्या डबी जुनी झाली तर फक्त डबी बदलायची.

गाणं अडखळलं तर स्पीकरला दोष देण्याआधी राउटर बघा. तो बहुतेक घरांत दाराजवळ, टीव्हीच्या मागे कोंबलेला असतो. 5 गिगाहर्ट्झची लहर वेगवान, पण काँक्रीटच्या दोन भिंतींपलीकडे दमते. आतल्या खोलीतल्या स्पीकरला 2.4 ची बरी. पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर फोन जोडलेला असेल तर स्पीकर दिसतच नाही. आणि राउटर इन्व्हर्टरवर घ्या. वीज येऊन-जाऊन असली की स्पीकर आधी जागा होतो, राउटरला मागाहून जाग येते, आणि मग स्पीकर नेटवर्क सापडेना म्हणून रुसून बसतो. अशा वेळी सेटिंग पुसून नव्याने जोडत बसू नका. राउटरचे दिवे स्थिर होऊ द्या, मग स्पीकरचा प्लग काढून पुन्हा लावा.