हेलिकॉप्टर नेमकं कुठे तुटतं? शब्दाची फोड करताना या चुका टाळा

आपल्याकडे शब्दाची फोड करायची भारी हौस, आणि फोड कुठे करतात तर जिथे जीभ टेकते तिथे. हेलिकॉप्टर म्हटलं की हेली अधिक कॉप्टर, हेली म्हणजे सूर्य नि कॉप्टर म्हणजे हवा कापणारा, झाला फॉरवर्ड तयार. हसू नका, मी स्वतः हे दहावीच्या बॅचला फळ्यावर बाण-बिण काढून शिकवलंय. दुसऱ्या दिवशी एक मुलगी उठून म्हणाली, "सर, डिक्शनरीत कॉप्टर म्हणजे हेलिकॉप्टरचाच शॉर्टफॉर्म असं दिलंय." वर्ग फुटला हसून आणि मी फळा पुसत बसलो.

खरी फोड हेलिको अधिक प्टेर अशी आहे. ग्रीक हेलिक्स म्हणजे मळसूत्र, प्टेरॉन म्हणजे पंख, आणि हे जोडकाम 1861 मधलं, गुस्ताव द पाँताँ दामेकूर या फ्रेंच माणसाचं. टेरोडॅक्टिल, म्हणजे डायनोसोरांच्या काळातला उडणारा प्राणी, त्याच्या स्पेलिंगमधला मुका पी याच पंखाचा. सूर्य आहे तो हेलियममध्ये, 1868 साली सूर्याच्या वर्णपटात त्याची रेघ दिसली म्हणून.

आता हेलिक्सचं हेलिको कसं झालं म्हणून अडणारे पुष्कळ. अरे, आपण घोडावर म्हणतो का, घोड्यावर म्हणतो ना? तसंच सामान्यरूप समजा. षष्ठीत हेलिकोस होतं आणि समासात तो क पुढे येतो. म्हणून मी डिक्शनरीत मूळ शब्दाशेजारचं षष्ठीचं रूप आधी बघतो, मग पेन उचलतो, दोन मिनिटं जातात पण ज्यांना रीलमध्ये तीस सेकंदांत व्युत्पत्ती हवी त्यांना तेवढाही दम नसतो.

पेडिक्युअरमधला पेड लॅटिन पाय, पेडियाट्रिशियनमधला ग्रीक मूल. एक धरून दुसरा ओढू नका.

टेलिव्हिजन अर्धा ग्रीक अर्धा लॅटिन आहे म्हणून नाक मुरडू नका, इंग्रजी शब्दाला मराठी शेपूट लावून रोज "रेल्वेस्टेशनवर" म्हणणारे आपण.

आणि सगळं संस्कृतातूनच गेलं म्हणणारे, त्यांना हात जोडून सांगतो, प्टेरॉन आणि पंख या अर्थाचं संस्कृत पत्र हे नातेवाईक आहेत खरे, पण चुलत भावंडं, बाप-लेक नाहीत.

एक मात्र आहे, चुकीची फोड लोकांनी इतकी वापरली की त्यातूनच हेलिपॅड नि क्वाडकॉप्टर, म्हणजे चार पंख्यांचा ड्रोन, आले. तिथे हेली नि कॉप्टर हेच तुकडे खरे, उगाच ग्रीक खणत बसू नका. ती मुलगी परवा भेटली, लग्नात ड्रोन उडवत होती.