मुलांना सायकलने शाळेत पाठवायचंय? आधी सायकल हलकी चालू द्या

नव्या सायकलने मूल आठवडाभर हौसेने शाळेत जातं आणि मग सायकल जिन्याखाली पडून राहते. कंटाळा केला असं म्हणून आपण विषय मिटवतो. पण ती सायकल बाहेर काढून पाहिली तर बऱ्याचदा कारण तिथेच सापडतं. टायरमध्ये हवा निम्मी, सीट फार खाली, ब्रेकचं रबर रिमला घासतंय. असलं जड धूड चढावर रेटत नेणं मोठ्यांनाही नको होईल. म्हणून समजावणं नंतर, आधी पाना हातात घ्या.

मागचं चाक उचलून हाताने फिरवा. ते बराच वेळ फिरत राहिलं पाहिजे. दर फेऱ्याला एकदाच घासल्याचा आवाज आला तर रिम एका जागी वाकडी आहे, सतत येत असेल तर ब्रेकचं रबर टेकलंय. ब्रेक दाबल्यावर रबर फक्त रिमवर बसायला हवं. वर सरकलं तर टायर कापतं, खाली घसरलं तर तारांत अडकू शकतं. हवा किती भरायची ते टायरच्या कडेवर छापलेलं असतं, तो आकडा पाहून भरा. अंगठ्याने दाबून नीट अंदाज येत नाही. हवा कमी राहिली की सायकल जड होते, शिवाय खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटून एकाच वेळी शेजारीशेजारी दोन भोकं पडतात.

चेनला तेल घालण्याआधी जुना काळा थर फडक्याने पुसा. मग पायडल उलटं फिरवत प्रत्येक कडीवर एक थेंब टाका, पाच-दहा मिनिटं थांबा आणि वरवरचं तेल पुसून काढा. हे शेवटचं पुसणं राहिलं की धूळ चिकटते आणि गणवेशाला डाग पडतात. डागांमुळे सायकल नको म्हणणारी मुलं-मुली खूप असतात, त्यामुळे चेनकव्हर काढून टाकू नका.

सीटची उंची दोन टप्प्यांत ठरते. तोल शिकत असताना सीटवर बसून दोन्ही तळवे जमिनीला पुरते टेकावेत. सायकल येऊ लागली की पायडल सर्वांत खाली आणून त्यावर टाच ठेवायला सांगा, गुडघा सरळ झाला पाहिजे. म्हणजे चवड्याने चालवताना तो किंचित वाकलेला राहतो. एकदम वर केलेल्या सीटची मुलांना भीती वाटते, म्हणून एकेक सेंटिमीटर वाढवत जा. सीटच्या नळीवरची मर्यादेची खूण मात्र बाहेर दिसता कामा नये. पुढे दोन-तीन वर्षं पुरेल म्हणून मोठी सायकल घेण्याचा मोह आवरा. सीटपुढे दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय जमिनीला टेकून उभं राहिल्यावर दांडीच्या वर तीन-चार सेंटिमीटर जागा उरत नसेल, तर अचानक उतरताना मूल पडणार. लहान बोटं ब्रेकपर्यंत पोचत नसतील तर ब्रेकच्या मुठीजवळ बहुधा एक छोटा स्क्रू असतो, तो आत फिरवला की मूठ हँडलकडे येते.

हेल्मेटची पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटं असावी, पट्टे कानाखाली जुळावेत आणि हनुवटीखाली जेमतेम एक-दोन बोटं शिरावीत. जोरात आपटलेलं हेल्मेट बदला. आतला फोम एकदा दबला की पुन्हा फुगत नाही.

सायकल चालवता येणं आणि रस्त्यावर चालवता येणं यात मोठी तफावत आहे. इंग्लंडमध्ये 2007 पासून चालणाऱ्या ‘बाइकेबिलिटी’ प्रशिक्षणात पहिला टप्पा मोकळ्या मैदानावर, दुसरा शांत रस्त्यांवर आणि तिसरा वर्दळीत असतो. घरीही हाच क्रम ठेवा. मैदानावर सर्वांत जास्त वेळ एकाच गोष्टीला द्या: मागे वळून पाहणं. मूल मान वळवतं तेव्हा खांदा वळतो, खांद्याबरोबर हँडल वळतं आणि सायकल नेमकी रस्त्याच्या मध्याकडे जाते. खडूने लांब सरळ रेघ मारा. तुम्ही मागे उभे राहून बोटं वर करा. मुलाने रेघ न सोडता मागे बघून किती बोटं ते सांगायचं. रेघ सुटत नाही असं दिसलं की हाताने इशारा करून वळणं घ्या, मग दोन्ही ब्रेक लावून ठरलेल्या खुणेवर थांबणं.

मग वाट ठरवा. सर्वांत जवळची वाट निवडायलाच हवी असं नाही, कमी वर्दळीची निवडा. सुट्टीच्या दिवशी एकदा बरोबर जा, नंतर शाळेच्याच वेळेला जा, कारण तेव्हाचा रस्ता निराळा असतो. उतरून चालत ओलांडायच्या जागा पक्क्या ठरवून टाका. उभ्या गाडीचा दरवाजा अचानक उघडतो, म्हणून तिच्यापासून एक मीटर दूर राहायचं. ट्रक किंवा बसच्या कुशीत कधीच थांबायचं नाही. आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही आपण दिसत नाही. येणाऱ्या गाडीच्या वेगाचा अंदाज लहान मुलांना नीट येत नाही, त्यामुळे साधारण दहा वर्षांपर्यंत मोठं माणूस सोबत हवंच. एकाच भागातली पाच-सहा मुलं असतील तर पुढे एक आणि मागे एक मोठं माणूस ठेवून रांगेने न्या.

तीन किलोमीटरला ताशी 12 च्या वेगाने 15 मिनिटं लागतात. कुलूप लावायला आणि सिग्नलला दहा मिनिटं धरा. उशीर झालेलं मूल चौकात थांबत नाही. दप्तर कॅरिअरवर घट्ट बांधा आणि पट्ट्यांची टोकं खोचून टाका, लोंबती राहिली तर तारांत गुंततात. हँडलला डबा किंवा पिशवी नको, वळण बिघडतं.

किशोरवयीन मुलांना धाक दाखवून काही होत नाही. सायकल त्यांना निवडू द्या, मित्र-मैत्रिणींबरोबर जाऊ द्या आणि वाट पाठ झाल्यावर मागून गाडी घेऊन जाऊ नका. अटी मोजक्याच ठेवा, पण त्या पाळल्याच पाहिजेत: फोन दप्तरात, कानात काही नाही, अंधारात पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा, पावसात ब्रेक बराच आधी.

आणि त्यांना पंक्चर काढायला शिकवा. वाटेत अडकण्याची धास्ती त्याने जाते. भोक सापडल्यावर त्याभोवती पॉलिश पेपरने घासा, सोल्युशनचा पातळ थर द्या आणि चकाकी जाईपर्यंत चार-पाच मिनिटं थांबा. ओल्यावरच पॅच दाबला तर तो सुटतोच. तोवर टायरच्या आतून जपून बोट फिरवा. काटा किंवा काच तिथेच राहिली तर ट्यूब पुन्हा फुटेल. टायर बसवल्यावर व्हॉल्व्ह सरळ उभा आहे ना ते बघा. तिरका राहिला तर ट्यूब त्याच्या मुळाशी फाटते आणि तिथे पॅच बसत नाही.