तिथी बघून मालवण: बेळगावकरांसाठी दोन दिवसांचा बेत

मालवणला निघताना सुट्टी सगळेच बघतात, पण कॅलेंडरातली तिथीही बघा. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीच्या पाऊणपट वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन. तीनच्या सुमारास भरती, नऊच्या सुमारास ओहोटी. हा आकडा मुंबईच्या पाण्याला बसतो, मालवणात तासभर आधी धरावी. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं.

अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. पाणी जितकं चढतं तितकंच खाली उतरतं, म्हणून रॉक गार्डनच्या डबक्यांतले खेकडे-शंख बघायला त्या दिवसांतली संध्याकाळी पाचच्या आसपासची ओहोटी उत्तम. शेवाळावर पाय सरकतो, रबरी तळाचे बूट घाला. अष्टमीच्या आगेमागे भांगाचं पाणी. चढउतार कमी, गाळही कमी ढवळतो. स्नॉर्केलिंग तेव्हाच करा, तेही सकाळी, वारा सुटायच्या आत. मास्कच्या रबराखाली केस आले की पाणी शिरतं. मिशी असेल तर तिथे आधी व्हॅसलिन चोळा.

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. तिथे ओहोटीचं पाणी माणसाला सरळ बाहेर ओढतं. संगमावर पोहू नका, पट्टीचे पोहणारे असलात तरी. तारकर्लीलाही लाटा फुटत नाहीत अशी शांत दिसणारी पट्टी टाळा, ओढ नेमकी तिथेच असते. सापडलातच तर किनाऱ्याला समांतर पोहा.

सिंधुदुर्ग किल्ल्यासाठी होडीवाले साधारण तासभर देतात. कुरटे बेटावर 1664 साली महाराजांनी बांधायला घेतलेला हा किल्ला तेवढ्यात पुरता बघून होत नाही. आधी शिवराजेश्वर मंदिर, मग गोड्या पाण्याच्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरी, उरलेल्या वेळात तट. पावसाळ्यात होड्या बंद. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम.

रस्ता बेळगावहून हिंडलगा, शिनोळी, आंबोली, सावंतवाडी. संकेश्वरकडून येणाऱ्यांना गडहिंग्लज-आजरामार्गे आंबोली सोयीची. घाटात धुकं असतं, रात्री उतरू नका.

परतताना मासळी न्यायचीच. बांगड्याचे डोळे फुगीर आणि चकचकीत, कल्ले लालबुंद, बोटाने दाबल्यावर खड्डा राहू नये. पोट तिथेच साफ करून घ्या, कारण मासा आतड्यापासून खराब होतो. किलोला किलो बर्फ, खाली-वर थर, आणि वितळलेलं पाणी आंबोलीत थांबून काढून टाका.