फुटलेल्या ताऱ्याचा क्ष-किरण वर्णपट वाचताना या चुका टाळा

शर्मिष्ठा तारकासमूहातील कॅसिओपिया-ए हा सुमारे 11,000 प्रकाशवर्षे दूर असलेला सुपरनोव्हाचा (ताऱ्याच्या स्फोटाचा) अवशेष ‘चंद्रा’ या अवकाशातील क्ष-किरण दुर्बिणीने 1999 मध्ये अगदी सुरुवातीलाच टिपला आणि आजही नव्या विद्यार्थ्याचा हात बसावा म्हणून बहुधा त्याचीच विदा (नोंदींचा डेटा) दिली जाते. ती सर्वांना खुली आहे. मात्र तिच्यावर काम करताना दुर्बिणीची करामत ताऱ्याच्या नावावर खपण्याचा धोका पावलोपावली असतो.

त्यातली सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे पाइल-अप. ‘चंद्रा’ दुर्बिणीवरील एसिस हा क्ष-किरण कॅमेरा नेहमीच्या पद्धतीत दर 3.2 सेकंदांनी एक चौकट वाचतो. तेवढ्या अवधीत एकाच जागी दोन फोटॉन (प्रकाशकण) पडले तर त्यांना तो एकच समजतो आणि दोघांच्या ऊर्जेची बेरीज नोंदवतो. वर्णपटात, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे किती फोटॉन आले याच्या आलेखात, सिलिकॉनची ठळक रेषा सुमारे 1.86 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट या ऊर्जेवर येते. असे दोन फोटॉन एकत्र मोजले गेले की 3.7 च्या आसपास उंचवटा उभा राहतो आणि कॅल्शियमची खरी रेषा 3.9 वर, म्हणजे शेजारीच असल्याने तो तिच्या खात्यात बिनबोभाट जमा होतो. मीही एकदा असे कॅल्शियम मोजून मोकळा झालो होतो. हा उंचवटा फक्त सर्वांत तेजस्वी गाठींत दिसत असेल आणि मंद भागांत नसेल, तर आधी पाइल-अपचा संशय घ्यावा व कमी चौकटवेळेची निरीक्षणे संग्रहात आहेत का, ते पाहावे.

दुसरी चूक उपकरणाची नव्हे, समजुतीची आहे. धक्कालहरीमुळे वायू कोट्यवधी अंशांपर्यंत तापतो, पण अणूंवरचे इलेक्ट्रॉन एकेक करून सुटायला वेळ लागतो. घन सेंटिमीटरला एक इलेक्ट्रॉन इतक्या विरळ वायूत इलेक्ट्रॉन सुटणे आणि पुन्हा जुळणे यांचा समतोल साधायला तीस हजारांच्या आसपास वर्षे जातात. कॅसिओपिया-ए जेमतेम साडेतीनशे वर्षांचा आहे. तरीही एक्सस्पेक ही वर्णपट जुळवण्याची संगणक प्रणाली उघडून समतोल गृहीत धरणारे ‘एपेक’ हे प्रारूप (गणिती मॉडेल) लावण्याचा मोह अनेकांना होतो, कारण ते सोपे आहे आणि झटपट उत्तर देते. परिणाम पाहायचा असेल तर शर्मिष्ठेतच असलेला, टायको ब्राहेने 1572 मध्ये पाहिलेल्या ताऱ्याचा अवशेष घ्या. त्याच्यातील लोहाची रेषा सुमारे 6.45 वर असते आणि एपेक ती 6.7 च्या जवळ मांडते. आलेखात एका बाजूला टेकडी व दुसऱ्या बाजूला खड्डा दिसला की नवखा अभ्यासक ताम्रसृती (स्रोत दूर जाताना रेषेचे कमी ऊर्जेकडे सरकणे) मोकळी सोडतो, म्हणजे तिचे मूल्य जुळणीलाच ठरवू देतो, जुळणी सुधारते आणि लोह सेकंदाला दहा हजारांहून अधिक किलोमीटर वेगाने आपल्यापासून दूर पळू लागते! अशा वेळी वेग न बदलता प्रारूपच बदलावे आणि असमतोल आयनीभवन धरणारी ‘व्हीएनईआय’ किंवा ‘व्हीपीशॉक’ ही प्रारूपे वापरावीत.

कमी ऊर्जेचे फोटॉन वर्षागणिक घटताना दिसले, तरी ताऱ्याला बोल लावू नये. एसिसच्या गाळणीवर वर्षानुवर्षे साका साचत गेला आहे, त्यामुळे जुन्या अंशांकन (कॅलिब्रेशन) फाइली वापरल्यास 1987-ए सारख्या सुपरनोव्हाची दोन दशकांची तुलना सपशेल चुकते. तसेच फोटॉन मोजके असतील तर जुळणी तपासायला नेहमीच्या काय-वर्ग कसोटीऐवजी मोजक्या नोंदींसाठी योग्य अशी कॅश सांख्यिकी वापरावी.

ॲस्ट्रोसॅट या भारतीय खगोल-उपग्रहाच्या विदेवर काम करणाऱ्यांनी आणखी एक पथ्य पाळावे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने घडलेली आणि सप्टेंबर 2015 मध्ये अवकाशात गेलेली त्यावरील मृदू क्ष-किरण दुर्बीण सुमारे दोन कलांपर्यंतचाच (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) तपशील वेगळा करते, तर कॅसिओपिया-ए चा अख्खा व्यासच पाच कलांच्या आसपास आहे. ‘चंद्रा’ दुर्बिणीच्या चित्रावर बोट ठेवून अवशेषाच्या पूर्व आणि पश्चिम कडांचे वेगवेगळे वर्णपट ॲस्ट्रोसॅटच्या दुर्बिणीच्या विदेतून कापले, तर एका कडेचा प्रकाश दुसरीत सांडलेला असतो. तिथे संपूर्ण अवशेषाचा एकच वर्णपट काढावा.