शाळेची हंपी ट्रिप: नुसते फोटो काढून परत यायचं नसेल तर

मी पुण्याजवळच्या एका इंटरनॅशनल शाळेत आयबी डिप्लोमा (अकरावी-बारावीच्या तोडीचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) करतेय, राहते होस्टेललाच. आमच्याकडे वर्षातून एकदा वर्ग बंद ठेवून सगळ्यांना कुठेतरी घेऊन जातात, फिरा आणि शिका म्हणे. पहिल्या ट्रिपला मी ढीगभर फोटो काढले आणि परत येऊन सीएएसचं, म्हणजे आयबीत पुस्तकाबाहेरच्या उपक्रमांचा जो भाग असतो त्याचं, रिफ्लेक्शन (काय शिकलो ते) लिहायला बसले तर "खूप छान अनुभव होता" याच्या पुढे गाडीच जाईना. पुढच्या वर्षी कर्नाटकातलं हंपी होतं, विजयनगरची जुनी राजधानी, तेव्हा जरा डोकं वापरलं. ज्युनिअर्स विचारत असतात म्हणून एकदाच लिहून टाकते.

आधी कागदपत्रं, कारण तिथेच आमचा पहिला घोळ झाला. ग्रुपमध्ये परदेशी मुलं असतील तर प्रत्येकाचा पासपोर्ट, लागू असेल तर व्हिसा आणि त्यांच्या झेरॉक्स सोबत हव्यातच, कारण लॉजवाल्याला परदेशी पाहुणा आला की 24 तासांच्या आत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते (आम्ही गेलो तेव्हा त्यासाठी सी फॉर्म असायचा) आणि ज्यांना ती कटकट नको असते ते सरळ "रूम नाही" म्हणतात. आम्ही हंपीजवळच्या होसपेट गावात उतरलो तर एका लॉजवाल्याने आमच्या केनियाच्या मित्राला घ्यायला नकार दिला, बाकीचे सगळे चालतील म्हणे. मग अख्खा ग्रुप बॅगा घेऊन दुसरं लॉज शोधत फिरला. म्हणून बुकिंग करतानाच फोनवर स्पष्ट विचारून घ्या. विठ्ठल मंदिराच्या तिकिटाचंही तेच, आम्ही गेलो तेव्हा भारतीयांना 40 रुपये आणि परदेशी पाहुण्यांना 600, पण सार्क म्हणजे दक्षिण आशियातल्या देशांना भारतीयांचाच दर, त्यामुळे नेपाळची मैत्रीण 40 मध्ये आत आणि केनियावाला बिचारा 600 मध्ये. यावर रात्री जेवताना जो वाद झाला ना, तो इकॉनॉमिक्सच्या कुठल्याच तासाला झाला नव्हता.

आता मुख्य गोष्ट. एक साधी वही घ्या, पानाच्या मधोमध रेघ मारा, डावीकडे लिहा "पाहिलं", उजवीकडे "सांगितलं". बस एवढंच. पण गाईड बोलत असताना कुठलं वाक्य कुठे लिहायचं हे ठरवायला लागलं की झोपच उडते.

उदाहरण देते. हंपीत जिकडे बघाल तिकडे एकावर एक रचल्यासारखे प्रचंड दगड. गाईड म्हणाला ही किष्किंधा, वाली-सुग्रीवाच्या भांडणात फेकलेले दगड आहेत हे. उजवीकडे लिहिलं. मग भूगोलाच्या मॅडमनी एका दगडाला हात लावायला सांगितला, कडा गोल झालेल्या, वरचा पापुद्रा कांद्यासारखा सुटलेला. हा ग्रॅनाइट कुठून आलेला नाही, जागच्या जागीच भेगा पडून झिजत झिजत असा झालाय. पापुद्रा आणि गोल कडा डावीकडे गेल्या, आणि मॅडमचं म्हणणं मात्र, खरं सांगायचं तर, तेही उजवीकडेच, फक्त ते आपण तपासून बघू शकतो.

तपासण्यासारखी सगळ्यात भारी जागा म्हणजे विरूपाक्ष मंदिर. मागच्या बाजूला एक अंधारी खोली आहे, तिथे भिंतीवर मोठ्या गोपुराची सावली उलटी पडते. सगळे "वॉव" करून फोटो काढून निघतात. तुम्ही थांबा. तो पिनहोल कॅमेरा आहे, नववी-दहावीच्या फिजिक्सचा. भिंतीवरच्या सावलीची उंची वितीने मोजा, भोकापासून भिंत किती पावलं आणि गोपुर किती पावलं ते मोजा, मग साधं त्रैराशिक. गोपुर साधारण 50 मीटर आहे, आमचं उत्तर 41 आलं, पावलं मोजताना मध्ये गर्दी आडवी आली त्यामुळे असेल. चुकलेलं उत्तर पण लिहा, रिफ्लेक्शनला तेच कामाला येतं.

बारीकसारीक: ऑक्टोबर ते फेब्रुवारीतच जा, सकाळी लवकर निघा. देवळात अनवाणी चालताना फरशी तापते, जाड मोजे ठेवा. टोपलीच्या होडीत बसायच्या आधी भाव ठरवा. आणि कन्नडमधलं एक वाक्य पाठ करा, "ऊटा आयता?" म्हणजे जेवण झालं का. हे विचारल्यावर केळीवाल्या अक्का आमच्याशी अर्धा तास बोलल्या, मी मराठीत, त्या कन्नडमध्ये, कुणाचंही अडलं नाही.

विठ्ठल मंदिरात दगडी रथाजवळ, तोच 50 च्या नोटेवरचा, तुफान गर्दी असते, पण तुम्ही आत गाभाऱ्यापर्यंत जा. गाभारा रिकामा आहे. केनियाच्या मित्राने विचारलं, मग देव कुठे गेला? मी आजीला फोन लावला. आजी म्हणाली, अगं विजयनगरच्या राजाने, कृष्णदेवरायाने, पंढरपूरहून विठ्ठलाची मूर्ती नेली होती आणि संत एकनाथांचे पणजोबा भानुदास, त्यांनी ती परत आणली. मी स्पीकरवर टाकून सगळ्यांना इंग्लिशमध्ये सांगत होते आणि आजी मधूनच विचारत होती, कोण कोण आहे तिथे, जेवलात का.

डावीकडे लिहिलं: गाभारा रिकामा. उजवीकडे आजीचं नाव घातलं.