अपवर्क-फायव्हरवर पहिलं काम कसं मिळवायचं आणि पैसे हातात कसे येतात

महिन्यातून एकदोघं तरी विचारतातच, ते अपवर्क की काय ते कसं सुरू करायचं सांग ना. (अपवर्क, फायव्हर म्हणजे घरबसल्या ऑनलाईन सुटी कामं मिळवायच्या वेबसाईट.) मी उलट विचारतो, काय काम करणार? तर उत्तर ठरलेलं, "काहीपण चालेल, डेटा एंट्री वगैरे." इथंच गाडी अडते, कारण 'काहीपण' घ्यायला तिथं कुणी बसलेलं नाहीये आणि डेटा एंट्री म्हटलं की अर्जांचा नुसता पाऊस असतो.

म्हणून आधी एकच बारकं काम ठरवा. मराठी ऑडिओ ऐकून टाईप करणं, यूट्यूब व्हिडिओला सबटायटल लावणं, इंग्रजी ॲपचं मराठी करणं, असं काहीही, पण एकच. मी एक्सेलच्या घाण फाईली साफ करून द्यायचं ठरवलं, कारण नोकरीत आठ वर्षं दुसरं काही केलंच नव्हतं.

मग कुठं जायचं ते. फायव्हरवर आपण दुकान मांडून बसतो, त्याला गिग म्हणतात, गिऱ्हाईक शोधत येतं. अपवर्कवर उलटं, क्लायंट काम टाकतो आणि आपण प्रपोजल, म्हणजे कामासाठी अर्ज, पाठवायचं, पण त्याला कनेक्ट्स, म्हणजे अर्ज करायची टोकनं, लागतात आणि ती विकतची, एकाला १५ सेंट. एका कामाला १६ कनेक्ट्स लागले तर २.४० डॉलर गेले, असे दहा अर्ज म्हणजे दोन हजार रुपयांच्या वर, आणि काम मिळो न मिळो. त्यामुळे दिसेल तिथं अर्ज ठोकत सुटू नका. क्लायंटचं पेमेंट व्हेरिफाय आहे का (म्हणजे त्याची पैसे भरायची सोय अपवर्कनं तपासलीय का), आधी कुणाला पैसे दिलेत का, एवढं बघूनच हात घाला.

प्रोफाईलवर नाव पॅनकार्ड आणि बँकेत आहे तेच टाका, नाहीतर पैसे काढताना अडकाल. आधीचं काम दाखवायला नसेल तर स्वतः बनवा. मी खोटी नावं घालून मुद्दाम बिघडवलेली एक फाईल केली, तीच नीट केली आणि आधी-नंतरचे दोन स्क्रीनशॉट लावले, बास.

आता प्रपोजल, खरी मेख इथं आहे. क्लायंटला यादीत आपल्या पहिल्या एकदोन ओळीच दिसतात आणि तिथं सगळे लिहितात, "आदरणीय सर, मी अत्यंत मेहनती असून मला पाच वर्षांचा अनुभव आहे." मीपण तेच लिहायचो, वीसेक अर्ज वाया गेले. मग एकानं ग्राहकांच्या यादीचा स्क्रीनशॉट टाकला होता, डुप्लिकेट नावं काढायची होती. मी तो झूम करून बघितला आणि सुरुवातच अशी केली की "तुमच्या तारखेच्या कॉलममध्ये 03/04 आहे ते तीन एप्रिल की चार मार्च? काही ओळी अमेरिकन पद्धतीच्या दिसतायत, ते आधी ठरवू, मग डुप्लिकेट काढायला दोन दिवस लागतील." अर्ध्या तासात रिप्लाय. काम ३० डॉलरचंच होतं, पण रिव्ह्यू मिळाला आणि पुढचं काम त्याच्यावर आलं.

पैशाचं गणित आधीच मांडून ठेवा. फायव्हर २० टक्के कापतं, म्हणजे १०० च्या कामाचे ८० हातात, आणि ऑर्डर पूर्ण झाल्यावर नवख्याला आणखी १४ दिवस थांबावं लागतं. अपवर्कवर ठरीव रकमेचं काम असेल तर क्लायंटनं माईलस्टोनचे, म्हणजे कामाच्या त्या टप्प्याचे, पैसे एस्क्रोत, म्हणजे अपवर्ककडे राखून ठेवायच्या खात्यात, भरलेत हे दिसल्याशिवाय फाईल उघडूसुद्धा नका. पुढं पेओनियरनं (परदेशातले पैसे इथं आणून देणारी ऑनलाईन सेवा) किंवा थेट बँकेत घ्या, डॉलरचे रुपये करताना थोडं कापलं जातंच, ते दरातच धरा.

फसवणूक दोन प्रकारची जास्त बघितली. एक, "टेलिग्रामवर या, तिथं बोलू." मी एकदा असाच व्हॉट्सॲपवर गेलो, चार दिवसांचं काम दिलं आणि गडी गायब, तक्रार करायची तर प्लॅटफॉर्मवर त्याचा पुरावाच नाही. शिवाय अपवर्कवर ओळख झालेल्या क्लायंटकडून दोन वर्षं बाहेर पैसे घेणं नियमातही बसत नाही, अकाउंट जाऊ शकतं. दुसरी आपल्याकडची जुनी, पीडीएफ बघून टाईप करायचं काम, आधी ॲग्रीमेंटवर सही, मग चुका निघाल्या म्हणून वकिलाच्या नावानं फोन आणि "दंड भरा". भरू नका, घाबरूही नका, सरळ १९३० या सरकारी हेल्पलाईनवर फोन करून सायबर तक्रार करा. काम देण्यासाठी जो आधी पैसे मागतो त्याला तिथंच ब्लॉक.

टॅक्सचं थोडक्यात. परदेशातून आलं म्हणून करमुक्त होत नाही, रिटर्नमध्ये दाखवायचंच. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढं जायला लागली की जीएसटी आणि एलयूटीबद्दल (परदेशी कामावर जीएसटी न भरता बिल करायचं हमीपत्र) सीएला विचारा. आणि पैसे आले की बँकेचा किंवा पेओनियरचा परदेशी रकमेचा दाखला, एफआयआरए म्हणतात तो, त्याच महिन्यात डाऊनलोड करून एका फोल्डरमध्ये टाका, मी पहिल्या वर्षी टाकला नव्हता आणि जुलैमध्ये दोन रात्री ईमेल उपसत बसलो होतो.